बोटभर खाली सरकलेली रिंग

आमच्या धंद्यात एक नियम आहे. फोटो काढायचा, वाचायचा नाही. प्लेट धुवायची, वाळवायची, पाकिटात घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. पेशंटनं विचारलं, "काय निघालं हो?" की म्हणायचं, "डॉक्टर सांगतील." हे वाक्य मी नोकरीभर इतक्या वेळा म्हटलं की एकदा बायकोनं "भाजी कशी झाली?" विचारल्यावरही तोंडातून तेच निघून गेलं. त्या दिवशी तिनं मला डॉक्टरांकडेच जेवायला जा म्हणून सांगितलं.

मी मूळचा हसनाबादचा. घरी शेती, चार भाऊ, आणि त्यातला एक कमी झाला तरी चालेल असं सगळ्यांचं मत. तो एक मी. औरंगाबादला एक्स-रेचं शिक्षण घेतलं आणि जालना जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास डॉ. देऊळगावकरांच्या खाजगी दवाखान्यात लागलो. जिल्हा झाल्यावर कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. त्यांच्यामागून आमचं मशीन आलं, मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्यात वापरून झालेलं. चालू करताना ते असा आवाज काढायचं की निम्मे पेशंट श्वास रोखा म्हणायच्या आतच श्वास रोखून बसायचे.

लोक एक्स-रेला फोटू म्हणत आणि मला फोटूवाले भाऊ. एक म्हातारी प्लेट दवाखान्यात ठेवू द्यायला तयार नव्हती. "माझं आतलं परक्याच्या कपाटात कशाला?" म्हणाली. बरोबरच होतं तिचं. घेऊन गेली.

माझं खरं कसब होतं बेरियममध्ये. बेरियम म्हणजे चुन्याच्या निवळीसारखं पांढरं, दाट पाणी. साध्या फोटोत हाडं दिसतात, अन्ननलिका दिसत नाही. ती रिकाम्या बाहीसारखी पडलेली असते. पेशंटला बेरियम पाजलं की बाहीत हात घातल्यासारखी ती भरून येते. पेशंटच्या छातीपुढे एक पडदा असायचा, त्यावर हिरवट उजेडात घोट उतरताना दिसे. हा पडदा इतका मंद असे की डॉक्टरांना आधी पाव तास लाल काचांचा चष्मा घालून डोळे अंधाराला तयार करावे लागत. लाल चष्मा घालून डॉक्टर व्हरांड्यात फिरू लागले की लोक म्हणत, "आज कुणाला तरी चुना पाजून राह्यले."

शांतिलालजींची गाठ या चुन्यामुळेच पडली. सरकी-ढेपेचे व्यापारी, घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या जालन्यात. उंच, धिप्पाड, पांढरं धोतर, काळी टोपी. त्यांचा आजार पित्ताचा. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं निसर्गानं एक झडप ठेवलेली असते, खाल्लेलं खाली जाऊ देणारी आणि आंबट वर येऊ न देणारी. शेठजींची झडप सैल पडली होती. आडवं झालं की जठरातलं आम्ल घशाशी. त्यामुळे ते कित्येक वर्षं खुर्चीत बसून झोपत. सोडा झाला, गुलाबी औषधाच्या बाटल्या झाल्या, पलंगाच्या उशाखाली विटा झाल्या. पण त्यांना सगळ्यात लागलेली गोष्ट निराळीच होती. देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, त्यांना वाकून नमस्कार करता येत नसे. वाकलं की तोंडात आंबट.

"देवासमोर ताठ उभा राहतो मी," ते म्हणायचे. "लोक समजतात, शेठला पैशाची मस्ती."

डॉक्टर देऊळगावकर त्यांना ऑपरेशन सुचवत होते. जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेभोवती पदरासारखा गुंडाळायचा आणि टाके घालून शिवायचा. जुनी, भरवशाची रीत, पण हात तयार लागतो. डॉक्टर ती आपल्या गुरूंच्या हाताखाली शिकले होते, स्वतः फारशी केली नव्हती. त्याच सुमारास ते मुंबईला परिषदेला गेले आणि तिथं त्यांनी एक नवीन गोष्ट पाहिली. रिंग.

बांगडी एका बाजूनं उघडी ठेवावी तशी ती दिसायची. सिलिकॉनची, मऊ, आत लगद्यासारखं काहीतरी भरलेलं, दोन टोकांना पट्टी. अन्ननलिकेच्या तळाशी भोवती घालायची आणि पट्टीची गाठ मारायची, झालं. पदर नाही, शिवण नाही. सैल झडपेला बाहेरून आधार. परदेशात बऱ्याच लोकांना बसवली होती म्हणे.

डॉक्टर परत आले आणि नको तेवढ्या उत्साहानं शेठजींना सांगून बसले. मग स्वतःच बिचकले. "नवीन आहे शेठजी. दहा वर्षांनी काय होईल, अजून कुणालाच माहीत नाही."

"दहा वर्षं मी खुर्चीत बसून काय होतं ते मला माहीत आहे," शेठजी म्हणाले. "मंगवा."

मागवायचं कुठून? शेठजींचा पुतण्या अमेरिकेत इंजिनिअर होता. तो सुट्टीवर येताना सामानात घेऊन आला. एक नाही, दोन. एकच पुरे होती असं डॉक्टर म्हणाले तेव्हा शेठजी हसले. "आमच्यात सुईसुद्धा कुणी एक आणत न्हाई."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. मोठा गाजावाजा नाही, पण डॉक्टर आदल्या दिवशी जेवले नव्हते, हे मला ठाऊक होतं. सगळं सुरळीत पार पडलं. तिसऱ्या दिवशी मी बेरियम पाजलं. घोट बेतानं, सरळ खाली उतरला. रिंगच्या पट्टीत फोटोत दिसावी म्हणून धातूची बारीक तार घातलेली होती. प्लेट धुऊन उजेडाला धरली तर अकराव्या मणक्यापाशी चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ. इतकी देखणी प्लेट मी आयुष्यात काढली नव्हती. डॉक्टर कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गंगाधर, याची एक प्रत मला काढ."

घरी गेल्यावर शेठजी पहिल्यांदा सपाट झोपले. त्यांच्या पत्नी सुंदरबाईंनी नंतर मला सांगितलं, "भैया, इतक्या वर्षांत ह्यांना असं सरळ पडलेलं बघितलं न्हवतं. माझा जीव घाबरला. मी दोन वेळा हलवून उठवलं. ते मला रागावले." आणि देरासरात शेठजी वाकले. एकदा वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत, आणि मागे उभी असलेली माणसं खोळंबली.

आता शेठजींना गप्प बसवणं अवघड झालं. त्यांनी प्लेट मागून नेली आणि दुकानात ट्यूबलाइटपुढे टांगली. सरकी घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी शेठजींच्या बरगड्या बघायचा. "गळ्यात कंठी सगळेच घालतात," ते म्हणत, "मी आतून घातली."

याचा ताप मला झाला. ज्याला त्याला फोटूत रिंग पाहिजे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात मोळी टाकणारा एक जण खोकला घेऊन आला. प्लेट बघून त्याचं तोंड उतरलं. "शेठच्या फोटूत दागिना अन् माझ्या फोटूत नुसत्या फासळ्या व्हय?" मी त्याला सांगितलं, तुझ्या फोटोत काही नाही हीच चांगली गोष्ट आहे. त्याचा विश्वास बसला नाही. आपल्यापासून काहीतरी हातचं राखलं, अशा चेहऱ्यानं तो गेला.

दिवाळी झाली आणि शेठजी सहा महिन्यांच्या फोटोला आले. थोडे वाळल्यासारखे वाटले. "वजन कमी केलं," म्हणाले. "डॉक्टरसाहेबच म्हणत होते, कमी करा." मी पातळ बेरियम पाजलं. उतरलं. जरा रेंगाळलं, पण उतरलं. प्लेट काढली, धुतली, आणि ओलीच उजेडाला धरली.

रिंग बोटभर खाली होती. आणि किंचित तिरपी.

शेठजींनी दुकानातून सोबत आणलेली जुनी प्लेट मी शेजारी लावली. मणके मोजले. पुन्हा मोजले. पहिल्या प्लेटमध्ये अकराव्याशी होती, आता बाराव्याच्या अंगावर आली होती. वाचायचं नाही हा नियम मी मोडला होता, तेव्हा म्हटलं पूर्ण मोडू. पाकीट टेबलावर ठेवायच्या ऐवजी दोन्ही प्लेटा घेऊन आत गेलो आणि डॉक्टरांना दाखवल्या.

त्यांनी पाहिल्या. त्यांची बोटं टेबलावर वाजत होती. "श्वास जास्त भरून घेतला असेल," ते म्हणाले. "छाती भरली की छाती-पोटामधला पडदा खाली येतो, त्याबरोबर सगळंच खाली येतं."

हे खरं आहे. तसं होतं. मी प्लेटा उचलल्या नाहीत. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला. "तुला काय वाटतं?"

शेठजींना श्वास रोखायला मीच सांगितलं होतं. दोन्ही वेळी, सारखाच. त्यांचं पोट हलायचं थांबलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि श्वासानं रिंग खाली येईल, तिरपी कशी होईल? पण डॉक्टरांच्या पाठीमागं भिंतीवर पहिल्या प्लेटची प्रत चौकटीत लावलेली होती. आणि खरं सांगायचं तर ती प्लेट माझी होती. तिचं कौतुक झालं होतं ते निम्मं माझं होतं.

"श्वासाचाच फरक असेल, सर," मी म्हणालो.

डॉक्टरांना हलकं वाटलेलं मला दिसलं. मलाही वाटलं. आम्ही दोघं दोन शहाण्या माणसांसारखे एकमेकांकडे बघून हसलो.

संक्रांतीच्या आसपास तीर्थपुरीहून सुमनबाई आल्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिशीच्या आतबाहेर. त्यांचं पित्त घशापर्यंत चढून आवाज भाजून काढत होतं. बोलायला लागल्या की फाटक्या कापडासारखा आवाज, मग खोकला. चाळीस पोरांच्या वर्गात त्या खडूनं फळ्यावर लिहून शिकवत होत्या. हेडमास्तरांनी सांगितलं होतं, असंच चाललं तर मला वर कळवावं लागेल. त्यांनी शेठजींच्या रिंगबद्दल ऐकलं होतं. तीर्थपुरीच्या बाजारापर्यंत ती बातमी गेलीच होती.

"दुसरी आहे म्हणतात तुमच्याकडं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ती मला घाला."

शेठजींनी ती आनंदानं देऊ केली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दिवस ठरवला. बाई आदल्या दिवशी दाखल होणार, आणि धीर द्यायला म्हणून त्याच दिवशी सकाळी शेठजी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलणार असं ठरलं. शेठजींना असल्या कामाची मनापासून आवड.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मशीन पुसत होतो तर दारात सुंदरबाई. एकट्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"भैया, एक विचारायचंय. ह्यांना सांगू नका मी आल्ते म्हणून."

"बोला ना."

"हे जेवत न्हाईत."

मी म्हटलं, "वजन कमी करायचं म्हणत होते."

"कशाचं वजन! ताटावर बसतात. घास तोंडात घालतात, चावतात, मंग हात धुवायला म्हणून उठतात अन् मोरीत थुंकून येतात. ह्यांना वाटतं, मला दिसत न्हाई. रोटी दुधात भिजवून दिली, ती बी अडकती. आता दूध, दाळीचं पाणी, रबडी. बस. धोतर कमरेला राहत न्हाई." त्या थांबल्या. "डॉक्टरांकडं चला म्हटलं तर म्हणतात, डॉक्टरची इज्जत जाईल. सगळ्या गावाला फोटू दाखवलाय."

मी हातातलं फडकं घडी करत राहिलो.

"तुम्ही फोटू काढता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आत दिसत असेल ना? सगळं बराबर आहे का?"

जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं. पण त्या बाईसमोर ते बोलायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "बाईजी, उद्या शेठजी येतील. त्यांच्यासोबत घरची एक रोटी पाठवा."

"रोटी कशाला?"

"फोटूसाठी."

पदर सावरून त्या काही न विचारता गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. हातात डबा, अंगावर कोट. सुमनबाईंच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि सुरू झाले. मी दारात उभा होतो. "बिलकुल घाबरू नका बाई. काही कळत न्हाई. मी आता सपाट झोपतो. देवापुढं वाकतो. बस, रिंग म्हणजे रिंग!" कोटाच्या गळ्यातून त्यांची मान एखाद्या पिसं गळालेल्या कोंबड्यासारखी बाहेर आली होती. सुमनबाई मान डोलावत ऐकत होत्या. त्यांना काय माहीत आधी ही मान कशी होती.

मी पुढं झालो. "शेठजी, आलाच आहात तर पडद्यावर एकदा बघून घेऊ. डॉक्टरांना उद्याच्या आधी डोळ्यांखालून घालता येईल."

फोटोला शेठजी कधीच नाही म्हणत नसत. डॉक्टरांना मी आधीच गाठलं होतं. लाल चष्मा घालून ते व्हरांड्यात उभे होते. "सर," मी म्हणालो, "आज नुसतं पातळ नको. रोटीचा तुकडा बेरियममध्ये बुडवून देऊ."

"का?"

"पातळ सगळ्यातूनच उतरतं, सर."

लाल काचांमागचे डोळे मला दिसत नव्हते. त्यांनी चष्मा नाकावर घट्ट दाबला. मग म्हणाले, "दे."

आत अंधार. डॉक्टरांनी लाल चष्मा काढला. मशीन घुरघुरायला लागलं. शेठजी पडद्यामागे उभे राहिले. मी त्यांच्या हातात घास दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

"हे काय? रोटी?" त्यांचा आवाज बदलला. "अरे भाऊ, मी घरून खाऊन आलो."

"एकच घास, शेठजी."

"एकच," डॉक्टर म्हणाले.

अंधारात चावण्याचा आवाज आला. खूप वेळ आला. मग त्यांनी गिळला. पडद्यावर बेरियम काळं दिसतं. काळा ठिपका मानेतून खाली आला, छातीतून सावकाश उतरला, आणि रिंगपाशी येऊन थांबला. तिरप्या रिंगनं अन्ननलिकेला कोपऱ्यात दाबून धरल्यासारखं केलं होतं. नळी वरून ढकलत होती, घास इंचभर वर जायचा, पुन्हा त्याच जागी यायचा. दाराला आतून कडी असावी आणि कुणी बाहेरून खांदा मारत राहावं, तसं.

"पाणी प्या," डॉक्टर म्हणाले.

पाणी घासावर जाऊन साचलं. शेठजींचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला. पडद्याची कड त्यांनी घट्ट धरली होती. "होईल, आत्ता होईल," ते म्हणाले. "कधीकधी थोडा टाइम लागतो."

"कधीकधी म्हणजे कधीपासून?"

मशीन तेवढं चालू होतं.

"दिवाळीपासून," शेठजी म्हणाले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू साहेब? अमेरिकेचा माल, तुमच्यासारखा डॉक्टर. मला वाटलं, खोट माझ्याच गळ्यात असेल."

मग त्यांना उमासे आले. मी दिवा लावला, भांडं धरलं. घास जसा गेला तसाच, पांढरा होऊन बाहेर आला. शेठजींनी तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि खाली बघत बसून राहिले. मी जन्मात इतका मोठा माणूस इतका लहान झालेला पाहिला नाही.

डॉक्टरांनी दिवाळीची प्लेट मागितली. पेन्सिलीच्या टोकानं एकेक मणका मोजला, जसा मी मोजला होता.

"श्वासाचा फरक नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता, सर."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

मला वाटलं आता नोकरी गेली. ते प्लेटकडेच बघत होते. "मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, आवाज खाली घेऊन: "विचारताना मला काय ऐकायचंय, तेही तुला कळलं असेल."

ते तसेच उठून सुमनबाईंच्या खोलीत गेले. मी मागे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "बाई, उद्याचं ऑपरेशन मी करणार नाही. शेठजींची रिंग सरकली आहे. ती काढावी लागेल. तुम्हाला मी ती घालणार होतो, ही चूक झाली असती."

सुमनबाई उठून बसल्या. त्यांना हायसं वाटेल असं मला वाटत होतं. त्या संतापल्या. संताप आवाजात मावेना, निम्मे शब्द नुसते वाऱ्यासारखे निघत होते. "मी रजा काढून आल्ते. पोरीला सासूबाईंकडं ठेवलं. आत्ता शेठजी इथं बसून काय सांगून राह्यले व्हते? अन् आता तुम्ही म्हणता न्हाई? मंग शाळेत जाऊन काय करू मी, मुकी होऊन?" त्यांनी पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या. "तुमच्या मशीनीनंच घोळ घातला ना?" म्हणाल्या आणि गेल्या.

भिंतीवरची चौकट त्याच संध्याकाळी उतरली.

डॉक्टर शेठजींना घेऊन औरंगाबादला आपल्या गुरूंकडे गेले. गुरूंनी रिंग काढली आणि जुन्या रीतीनं पदर शिवला. डॉक्टर सहायक म्हणून उभे राहिले, हातात नुसता चिमटा धरून. त्यांच्यासारख्या मानी माणसाला ते किती अवघड गेलं असेल, मी समजू शकतो. परत आल्यावर त्यांनी परिषदेत भेटलेल्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. उत्तरं आली. इतरांच्याही सरकल्या होत्या, काहींच्या आत रुतल्या होत्या. प्रत्येकाला आपल्या एकट्याचीच सरकली असं वाटत होतं, म्हणून कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं त्या रिंगा बसवणं हळूहळू बंद पडलं.

शेठजी जेवायला लागले. दुकानात प्लेट पुन्हा टांगली गेली नाही. दुसरी रिंग पाकिटात तशीच होती. ती न वापरलेली असल्यानं अमेरिकेतला दुकानदार परत घेईल का, हे मात्र त्यांनी पुतण्याला कळवून विचारलं. व्यापाऱ्याचा जीव पूर्ण बरा झाल्याची ती खूण होती.

नव्वदनंतर आम्ल मुळातच कमी करणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. ज्या झडपेसाठी एवढं रामायण झालं, तिचे बहुतेक पेशंट सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेऊन कामाला जाऊ लागले. माझं बेरियम कमी झालं, तोंडातून आत घालायची दुर्बीण आली. डॉक्टरांनी दवाखाना मुलाच्या हाती दिला. मी निवृत्त झाल्यावर माझ्या भाचीनं, ती औषधांच्या कंपनीत आहे, मला सांगितलं, "मामा, आता परदेशात लोहचुंबकाच्या मण्यांची रिंग करून बघतायत. मणी उघडतात, मिटतात." चांगली निघो बिचारी. मी तिला एवढंच विचारलं, "पातळाबरोबर रोटी पण देऊन बघतात ना?" तिला काही कळलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मध्यंतरी तीर्थपुरीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक पांढऱ्या केसांच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "फोटूवाले भाऊ ना? मी सुमन." आवाज घोगरा होता, पण पुरा होता. शेठजींनी देऊ केलेली रिंग हुकल्यावर त्यांनी काही वर्षं विटा, पथ्य आणि कुजबुजत शिकवणं यावर काढली होती. मग गोळ्यांनी निभावलं. हेडमास्तर होऊन निवृत्त झाल्या होत्या.

"लई राग आल्ता तुमचा तवा," त्या म्हणाल्या. "नंतर सुंदरबाईंकडून सगळं कळलं. म्हणजे मी वाचले ती तुमच्या त्या रोटीमुळं. आभार मानायचे राहिले होते."

शेजारी त्यांचे जावई उभे होते, दोन-चार पाहुणे ऐकत होते. मला ते आभार घेऊन टाकता आले असते. शेठजी वारले होते, डॉक्टर वारले होते, विचारणारं कुणी उरलं नव्हतं. पण मी म्हणालो, "बाई, रिंग सरकलेली मला दिवाळीलाच दिसली होती. डॉक्टरांनी मला विचारलंही होतं. मी खोटं बोललो."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. शिक्षिकेच्या सवयीनं त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा.

"दिवाळी ते संक्रांत," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस तो माणूस दुधावर राह्यला."

"हो."

"अन् सुंदरबाई आल्या नसत्या तर?"

त्यांना उत्तर माहीत होतं, मलाही.

"मंग आभार न्हाई मानत," त्या म्हणाल्या.

"नका मानू."

पंगतीची हाक आली. मला वाटलं त्या निघून जातील. त्यांनी माझ्या शेजारचं पान घेतलं. आम्ही दोघं सावकाश जेवलो. वाढपी दुसऱ्यांदा पुऱ्या घेऊन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "शेठजी शेवटी नीट जेवत होते ना?"

"हो," मी म्हणालो. "सुंदरबाई सांगायच्या, जरा जास्तच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि वाढप्याला माझ्या पानाकडं बोट दाखवलं. "ह्यांना वाढा."